गोठलेल्या सरबतातली साखर

मे महिन्यात कित्येक घरांच्या फ्रीझरमध्ये एखादा डबा असा सापडतो, ज्यात फळाचा गर दगड होऊन बसलेला असतो. कलिंगड मोठं निघालं, किंवा पेटीतले शेवटचे आंबे एकदम पिकले, म्हणून गर काढून ठेवलेला असतो. त्याचं सोर्बे होईल अशी आशा असते. दुसऱ्या दिवशी चमचा वाकतो पण गर निघत नाही, आणि निघाला तर दाताखाली नुसता बर्फ करकरतो, फळाची चव कुठेतरी मागेच राहते. मग दोष यंत्राला दिला जातो: आइस्क्रीमचं मशीन घरी नाही, तर सोर्बे होणार कसं? हा निष्कर्ष चुकीचा आहे, असं मला इथे मांडायचं आहे. घरच्या सोर्बेत कमी पडते ती साखर. आणि ती कमी पडते, कारण साखर फक्त गोडीसाठी असते असं आपण धरून चालतो.

या म्हणण्याला आज घराघरांतून विरोध होईल, आणि तो विरोध रास्त आहे. साखर कमी करा असं डॉक्टर सांगत असताना ती मोजून घाला असं म्हणणाऱ्यानं उत्तर देणं लागतं. म्हणून दोन्ही बाजू इथे दोन नात्यांच्या तोंडी दिल्या आहेत. भाचीला बिनसाखरेचं, निव्वळ फळाचं सोर्बे हवं आहे. आत्या पाकाच्या बाजूची. माझा कौल बराचसा आत्याकडे आहे, पण सगळा नाही.

भाची: आत्या, मुळात हे सोर्बे आपल्याला हवंच कशाला? उन्हाळ्यासाठी पन्हं आहे, कोकम आहे, लिंबाचं सरबत आहे. सोर्बे हे हॉटेलच्या मेनूकार्डावरचं नाव आपण उचललं. बरं, उचललं तर त्यातलं चांगलं तरी घ्यावं. दूध नाही, तूप-साय नाही, फक्त फळ, हेच त्याचं मोठेपण. त्यात वाटीवाटीनं साखर ओतायची म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. हापूसचा आंबा झाडावर पुरेसा गोड होऊन आलेला असतो. त्याच्यात साखर घालणं मला त्या आंब्याचा अपमान वाटतो. गर काढायचा, मिक्सरमधून फिरवायचा, गोठवायचा आणि खायचा. यात चुकतं काय?

आत्या: नाव बाहेरचं म्हणतेस, पण ते आपल्या सरबताचंच भावंड आहे. अरबीत 'श-र-ब' या धातूचा अर्थ पिणं. त्यातून शरबत आला, तोच आपल्याकडे सरबत झाला. तुर्कांकडे तो शेरबेत, इटलीत सोर्बेत्तो आणि फ्रान्समध्ये सोर्बे झाला. शराब आणि औषधाचं सिरप हेही त्याच घरातले. नेपल्समध्ये अंतोनियो लातीनी या कारभाऱ्यानं १६९०च्या दशकात सोर्बेत्तोच्या कृती छापल्या, तेव्हा तो गोड पेयच गोठवत होता. इराणात शिराझचा फालुदा आजही लिंबू आणि गुलाबपाण्याच्या गोड बर्फात शेवया घालून करतात. आपल्याकडे अकबराच्या पदरी पाणी गार करायला सोरा वापरत, ते अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवलंय. गार करायची हौस आणि गोड पेय, दोन्ही इथे होतीच. तेव्हा सोर्बे म्हणजे गोठवलेलं सरबत, एवढंच समज. आणि सरबत म्हटलं की त्यात साखर आलीच. ती कुणी लाडानं घातलेली नाही, त्या पदार्थाची बांधणीच तिच्यावर आहे.

आता ही 'बांधणी' म्हणजे काय, ते आत्याच्या बोलण्यापेक्षा थोडं खोलात जाऊन पाहिलं पाहिजे, कारण सगळा वाद इथेच सुटतो. पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की ते गोठायला आणखी थंडी लागते. १०० ग्रॅम मिश्रणात ३० ग्रॅम साखर असेल तर बर्फ धरायला सुरुवातच उणे दोन अंशांच्या खाली होते. खरी गंमत त्यानंतर आहे. बर्फाचे कण तयार होतात ते जवळजवळ शुद्ध पाण्याचे. साखर बर्फात शिरत नाही, उरलेल्या पाण्यात राहते. पाणी बर्फ होत जातं तसा उरलेला पाक दाट होतो आणि दाट झाला की त्याला गोठायला आणखीच थंडी लागते. घरच्या फ्रीझरच्या उणे अठरा अंशांनाही या पाकाचा काही भाग पातळ राहतोच. तो बर्फाच्या कणांमध्ये पसरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून चमचा आत जातो. साधारण हिशेब असा निघतो: २७ टक्के साखरेच्या १०० ग्रॅम मिश्रणात उणे अठराला ६०च्या आसपास ग्रॅम बर्फ असतो आणि बाकीचा दाट पाक. कलिंगडाचा नुसता रस तसाच ठेवला तर १०० ग्रॅमांत सुमारे ८५ ग्रॅम बर्फ होतो. ८५ ग्रॅम बर्फाला धरून ठेवायला १५ ग्रॅम पाक पुरत नाही. बर्फ बर्फाला भिडतो आणि दगड तयार होतो. जगातलं सर्वांत महाग मशीन आणलं तरी त्याला हा हिशेब बदलता येणार नाही. मशीन घुसळून कण बारीक करतं, पण रात्रभर फ्रीझरमध्ये राहिल्यावर कमी साखरेचं सोर्बे पुन्हा दगडच होतं.

भाची: हे कलिंगडाला पटतं. पण मग केळ्याचं काय? पिकलेलं केळं चकत्या करून गोठवायचं आणि मिक्सरमध्ये फिरवायचं. एक दाणा साखर घालावी लागत नाही आणि लोण्यासारखं मऊ होतं. इंटरनेटवर जो तो हेच करून दाखवतोय. तुझा नियम खरा असता तर केळंही दगड व्हायला हवं होतं. सीताफळ, चिक्कू यांचंही तसंच. म्हणजे साखर लागतेच असं नाही, फळ बरोबर निवडावं लागतं.

आत्या: तू आत्ता माझीच बाजू मांडलीस. पिकलेल्या केळ्यात पाणी तीन चतुर्थांश, उरलेला सगळा ऐवज आहे आणि त्यात साखर चांगलीच मुरलेली. कलिंगडात पाणी नव्वद टक्क्यांच्या वर. केळं मऊ राहतं ते साखरेविना नव्हे, तर साखर झाडानंच आत घालून दिली म्हणून. वर त्याचा गर चिकट, तोही कणांच्या मध्ये राहतो. नियम मोडलेला नाही, फक्त मोजणी चुकलीय. आपण डब्यातून चमच्यानं घातलेली साखर तेवढी मोजतो. बर्फाला मात्र ती साखर फळाची की डब्यातली, यानं फरक पडत नाही, त्याला एकूण किती आहे तेवढंच लागतं. म्हणून कुठल्याही कृतीत 'एक वाटी गराला अर्धी वाटी साखर' असं सरसकट लिहिलेलं असेल तर ती कृती बाजूला ठेव. हापूसच्या १०० ग्रॅम गरात १६ ते १८ ग्रॅम साखर असते, कलिंगडात ८-९, लिंबाच्या रसात जवळजवळ काहीच नाही. तिघांना एकाच वाटीनं मोजलं तर एक चिकट होणार, एक दगड होणार आणि एखादंच जमणार, तेही नशिबानं.

इथे आत्याचा मुद्दा मला निर्णायक वाटतो, पण त्यातून जे निघतं ते आत्याच्या रीतीलाही बाधतं. एकूण साखर २५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची तर अंदाज पुरत नाही. पाकाची तार बोटांनी ओळखणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या हातांचा मला आदर आहे, पण एकतारी पाक फळाच्या रसात पडल्यावर एकूण प्रमाण किती झालं, ते बोट सांगत नाही. युरोपातल्या जुन्या स्वयंपाकघरांत धुतलेलं कच्चं अंडं कवचासकट मिश्रणात सोडून बघत. साखर पुरेशी असली की अंडं तरंगतं आणि कवचाचा नाण्याएवढा भाग वर दिसतो. युक्ती चांगली आहे, पण आमरसासारख्या दाट गरात ती फसवते आणि अनेक घरांत अंडं चालतही नाही. साधा वजनकाटा यापेक्षा भरवशाचा. भाचीच्या पिढीकडे तो असतो, आणि या एका बाबतीत तिनं आत्याला शिकवावं.

हापूसचं उदाहरण घेऊन हिशेब मांडतो. ५०० ग्रॅम गर. त्यात फळाची साखर सुमारे ८५ ग्रॅम. १२० ग्रॅम पाण्यात ११० ग्रॅम साखर गरम करून विरघळवायची आणि हा पाक पूर्ण गार होऊ द्यायचा. गर तापवायचा नाही, कारण हापूसचा वास उष्णतेनं उडतो आणि तो गेला तर उरतं काय? २० ग्रॅम लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. सगळं मिळून ७५० ग्रॅम आणि एकूण साखर १९५ ग्रॅम, म्हणजे २६ टक्के. लिंबू इथे फक्त आंबटपणासाठी नाही. पाकात लिंबू पिळलं की पाकाची पुन्हा साखर होत नाही, हे मिठाई करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाक उकळताना आम्लामुळे थोडी साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. याच कारणानं लिंबाच्या रसातले चार थेंब उकळत्या पाकातच घालावेत, बाकीचा रस गार झाल्यावर. कलिंगडाला मात्र पाणी अजिबात घालू नये. ५०० ग्रॅम गाळलेल्या रसात १२० ग्रॅम साखर थेट विरघळवावी, कारण पाणी त्यानं आपलं आपण भरपूर आणलेलं असतं.

भाची: बरं, प्रमाण मानलं. पण साखरेऐवजी मध घालते, गूळ घालते, खजूर घालते. नाहीतर स्टीव्हियाचे थेंब. गोडीही मिळेल आणि मनही राजी राहील.

आत्या: थेंबांनी गोडी येईल, बांधणी येणार नाही. दोन थेंबांत गोड करणारी वस्तू पाण्यात असून नसल्यासारखी, ती बर्फाला अडवणार कशी? गूळ घाल, कोकमात तो छान लागतो. पण तो बहुतांशी साखरच आहे, तेव्हा मन राजी राहील, शरीराला फार फरक कळणार नाही. मधाचं वेगळं आहे. त्यातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, त्यांचे रेणू साध्या साखरेच्या निम्म्या वजनाचे. म्हणून तेवढ्याच वजनात ते पाण्याला जवळजवळ दुप्पट अडवतात. सगळी साखर काढून मध घातलास तर सोर्बे धरणारच नाही, वाटीत ओघळेल. पाचातला एक भाग मध घाल, मऊपणा येईल. आणि मधाचा वास आंब्यावर चढतो, ते वेगळंच.

भाची: म्हणजे शेवटी साखर खायचीच. आत्या, बाबांची शुगर वाढलेली आहे, आईची काठावर आहे. तू मला बर्फाचं शास्त्र सांगतेस, मी शरीराचं विचारतेय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, आणि त्यात फळांच्या रसातलीही आली, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते झाले ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. तुझ्या एका डब्यात १९५ ग्रॅम आहेत.

हा आक्षेप सर्वांत जड आहे. आत्यानं त्याला 'सणासुदीला चालतं' असं उत्तर दिलं असतं तर मी तिची बाजू सोडली असती. उन्हाळा हा सण नाही, तो तीन महिने चालतो. उत्तर आकड्यांत द्यावं लागेल. सोर्बेचा एक गोळा म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. वरच्या हापूसच्या सोर्बेत एवढ्यात एकूण साखर पंधरा-सोळा ग्रॅम आणि त्यातली वरून घातलेली नऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण दोन लहान चमचे. घरच्या लिंबू सरबताच्या मोठ्या ग्लासात चार-पाच चमचे साखर सहज पडते, आणि त्या ग्लासाला बिनसाखरेचं कुणी म्हणत नाही, पण त्यावर वादही होत नाही. बाटलीतल्या कोला पेयाच्या ३०० मिलिलिटरांत ३० ग्रॅमांहून अधिक साखर असते. सोर्बे टक्केवारीत भयंकर दिसतं, वाटीत तसं नसतं. शिवाय ते पिता येत नाही. थंडीमुळे जीभ ते हळूहळू घेते, आणि सरबत जसं तहानेच्या भरात दोन घोटांत जातं तसं हे जात नाही.

त्याच थंडीमुळे आणखी एक गोष्ट होते. जिभेला गारव्यात गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम अति गोड लागतं ते याचमुळे. म्हणजे गोठण्यापूर्वी चाखून 'फार गोड झालं' म्हणत साखर कमी करणारा दोनदा चुकतो: गोठल्यावर ते फिकंही लागणार आणि कडकही होणार. मिश्रण खोलीच्या तापमानाला जिभेला थोडं जास्त गोड वाटायलाच हवं. पण भाचीच्या बाबांसाठी यातलं काहीही उत्तर होत नाही, हे सरळ मान्य करतो. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांच्यासाठी सोर्बेला 'हेल्दी' म्हणून पुढे करणं अप्रामाणिक आहे, मग त्यात मध असो की गूळ. त्यांना डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात फळाच्या फोडी द्याव्यात, जिरं घालून गार ताक द्यावं. सोर्बे कमी साखरेचं करून त्यांना देणं म्हणजे त्यांनाही नीट काही न देणं आणि बाकीच्यांचाही पदार्थ बिघडवणं. माझं म्हणणं इतकंच आहे की साखर कमी करायची ती वाढताना, करताना नाही.

भाची: मग मशीन खरंच नको? कण बारीक व्हायला घुसळणं लागतंच ना? तू आत्ता साखरेलाच सगळं श्रेय देऊन टाकलंस.

आत्या: घुसळणं लागतं, पण ते हातानं होतं. पूर्वी पॉटचं आइस्क्रीम करत, लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून. मीठ-बर्फ नीट मिसळले तर उणे वीसपर्यंत उतरतात, तुझ्या फ्रीझरपेक्षा खाली. ती बादली आजही चालेल. नसेल तर पसरट स्टीलचा डबा घे, प्लॅस्टिकचा नको, स्टीलमधून थंडी लवकर शिरते. मिश्रण आधी फ्रिजमध्ये रात्रभर गार कर, मगच फ्रीझरमध्ये ठेव. कोमट ठेवलंस तर हळू गोठेल, आणि हळू गोठलं की कण मोठे होतात. कडा धरू लागल्या की काट्या-चमच्यानं खरवडून आतल्या बाजूला ओढ. असं तासातासानं तीनदा. शेवटी घट्ट झालं की तुकडे करून मिक्सरच्या गार केलेल्या भांड्यातून थोडा वेळच फिरव आणि लगेच परत ठेव. हापूसच्या गरात चिकटपणा असतो, त्याला एवढं पुष्कळ. कलिंगडाला कितीही केलं तरी ते थोडं रवाळच राहतं. सिसिलीत मुद्दाम तसंच खरवडून रवाळ ठेवतात, ग्रानिता म्हणतात त्याला. तेव्हा कलिंगड रवाळ झालं तर वाईट मानू नकोस.

या शेवटच्या मुद्द्याला एक जोड द्यायला हवी, कारण भारनियमनाच्या गावात ती महत्त्वाची आहे. वीज गेली, डबा थोडा वितळला आणि पुन्हा गोठला, की बारीक कण आधी वितळतात आणि त्यांचं पाणी मोठ्या कणांवर जाऊन गोठतं. दोन-तीन वेळा असं झालं की नीट केलेलं सोर्बेही खरखरीत होतं. त्यावर उपाय एकच, थोडं करावं आणि चार दिवसांत संपवावं. डबा काठोकाठ भरावा, वरून बटर पेपर टेकवावा. महिनाभर टिकवण्याचा हा पदार्थ नाही.

भाची: आणि कोकम? घरात अमृत कोकमची बाटली आहेच. पाच पट पाणी घालून सरबत करते, तेच ओतू का डब्यात?

आत्या: ते ओतलंस तर लाल बर्फ मिळेल. कोकमाच्या सालींत साखर भरून बरणीत मुरवून जो पाक निघतो, त्यात साखर साठ टक्क्यांच्या वर असते. पाच पट पाण्यात ती बारा-तेरावर येते, प्यायला ठीक, गोठवायला निम्मी. ३०० ग्रॅम अमृत कोकमला ४०० ग्रॅमच पाणी घाल, म्हणजे सत्तावीसच्या घरात येशील. चाखून बघशील तर फार गोड लागेल, घाबरू नकोस, गारव्यात ते खाली बसतं. आगळ मात्र घेऊ नकोस, त्यात मीठ असतं, साखर नसते. कोकमात गर नाही, म्हणून खरवडणं एक वेळ जास्त कर. वाढायच्या आधी दहा मिनिटं डबा बाहेर काढून ठेव, आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाटीत वरून टाक, मिश्रणात नको. बाबांना त्या दिवशी सोलकढी कर.